होडी अजून पुरी झालेली नाही

भवानी पेठ, सोलापूर
१४ मे १९७९

ती. अक्का,

नमस्कार आधी घे, कारण पुढचं सगळं रागातच लिहिणार आहे.

होडीला फटी पडल्या. मार्चमध्ये फळीला फळी अशी बसवली होती की मधून पोस्टकार्ड जाणार नाही, आणि आज त्याच फळ्यांमधून पलीकडची तुळस दिसते! तीस वर्षं गिरणीच्या ओतशाळेत मी लाकडी साचे केले. माझ्या साच्यावरून ओतलेलं चाक यंत्रात बसलं नाही असं एकदाही झालं नाही. साहेब लोक माझ्या साच्यावर बोट फिरवून बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे. त्या माणसाच्या अंगणात ही गत.

लाकूडवाल्याकडे गेलो. म्हटलं, ‘वाळलेलं सागवान म्हणून माझ्या गळ्यात मारलंस, त्याचं हे काय झालं बघ.’ तो गादीवरून हललासुद्धा नाही. पंख्याचा वारा घेत म्हणतो, ‘मिस्त्री, सोलापूरच्या मे महिन्यात माझ्या टाचेला बी भेगा पडत्यात. तेचं काय करू?’ त्याच्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही.

वर शेजारचा रुद्रप्पा आहेच. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन येतो, होडीभोवती एक चक्कर मारतो आणि म्हणतो, ‘मिस्त्री, म्हशीची गव्हाण लई मोठी केलाव की.’ पेठेतली पोरंटोरंसुद्धा आता गव्हाणच म्हणतात. नळाच्या पाण्यावरून जिथं बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, तिथं शिडाची होडी करणारा माणूस वेडा, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे. ठरवू देत.

तू म्हणशील, उरक लवकर. उरकणार नाही. ज्या होडीत माझी बहीण बसणार तिला फट असता कामा नये. सगळ्या फळ्या काढतो, कडा पुन्हा रंधून घेतो आणि जाम बसवतो. पावसाच्या तोंडाला होडी तुझ्या काठाला लागेल, हा माझा शब्द.

तुझी भावजय मायाक्का ठीक आहे. अंगणात कुरड्या वाळत घालायला जागा नाही म्हणून धुसफुसते. त्याला मी काय करू?

तुझा
श्रीमंत

•

नवी टाकळवाडी, ता. करमाळा
६ जून १९७९

चि. श्रीमंत, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काही चुकतंय. बसवलेल्या फळ्या तू पुन्हा काढणार?

अरे, सुताराच्या हातातली वस्तू आणि माझ्या पोटातली भाकरी यात काही फरक आहे की नाही? धरणाचं पाणी आलं, जुनं गाव त्यात गेलं, आम्हाला इथं माळावर पत्र्याच्या घरात आणून टाकलं. तुझे दाजी त्याच साली गेले. राहिलं काय, तर उंचवट्यावरचं एक काळं रान, आणि तेही पाण्याच्या पल्याड. सकाळी निघून वळसा घालत चाललं तर दिवे लागायच्या वेळी बांधावर पोचते मी. गेल्या साली रान पडीक राहिलं. हिंदुराव पाटील तिकडच्या काठाला आहे. त्याचा निरोप येतोच आहे, ‘वहिनी, तुमी कशाला तरास घेताय? मी पेरतो की. वाटा घरपोच देतो.’ गोड बोलतो. एक साल पेरेल, दोन साल पेरेल, मग तलाठ्याच्या बुकात कसणारा म्हणून त्याचं नाव लागेल आणि माझ्याच रानात मी पाहुणी होईन. यंदा दुसरं साल आहे. यंदा मी पेरलं नाही तर ते रान गेलं असं समज.

दिवाळीला आला होतास तेव्हा पाण्याकडं बघत तूच म्हणालास, ‘अक्का, कुणाच्या पाया पडू नको. मी तुला शिडाची होडी करून देतो. वारा तुला नेईल, वारा आणील.’ मी विश्वास ठेवला.

आता फटींचं सांगते. उन्हाळ्यात गाडीच्या चाकाचे आरे खुळखुळायला लागले की आपले आबा काय करायचे, आठव. चाक काढून ओढ्याच्या डबक्यात टाकायचे. चार दिवसांनी काढलं की चाक घट्ट. सुताराला बोलावून चाक मोडत नव्हते ते. लाकूड उन्हानं आकसतं आणि पाण्यानं फुगतं, हे मेंढरामागं फिरणाऱ्या आपल्या बापाला ठाऊक होतं. मासे धरायला इथं अधूनमधून काही लोक येतात आणि धरणाच्या अंगाला निघून जातात. त्यांच्या नावेच्या फळ्यांत मुद्दाम फट असते. त्यात ते तेलात भिजवलेला कापूस ठासतात.

पेरणी उत्तरा-हस्तात, दसऱ्याच्या आसपास. तोवर होडी पाहिजे. मधून तुळस दिसली तरी चालेल.

मायाक्काच्या कुरड्या माझ्याकडं पाठवून दे, इथं वाळवायला माळच माळ आहे.

तुझी
अक्का

•

सोलापूर
२ जुलै १९७९

ती. अक्का,

चाकाचं उदाहरण देऊन तू माझ्या कामाची किंमत केलीस. बैलगाडीचं चाक आणि होडी यांत फरक असतो. चाक निखळलं तर माणूस रस्त्यावर पडतो.

सगळ्या फळ्या पुन्हा बसवल्या. आता पोस्टकार्ड सोड, सिगारेटचा चांदीचा कागदसुद्धा जात नाही. कापूस ठासायची गरजच ठेवली नाही. कापूस कोण ठासतो? ज्याचा जोड चुकला तो.

पण एक झालं की दुसरं. शिडाचं कापड आमच्या पलीकडच्या बोळातल्या सुंदरम्माच्या मागावर विणून घेतलं. घरात उलगडून बघतो तर मधोमध एक निळा पट्टा! मागावरच्या चादरीचा निळा दोरा तिच्याकडून आत गेला होता. मी तसंच गुंडाळलं आणि परत नेऊन दिलं. ती मागावरून उठून उंबऱ्यात आली, कमरेवर हात, आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘अय्यो मिस्त्री, वाऱ्याला काय डोळे हायेत का? निळं दिसलं म्हून फुंकर कमी घालतंय का तो?’ बोळातल्या बायका हसल्या. मी तिला सांगितलं, माझ्या होडीला पट्ट्याचं शीड लागणार नाही. तिनं पुन्हा विणायला घेतलं आहे, पण बडबडत.

आणखी एक. काल दोरी लावून मोजलं तर डावी कड उजवीपेक्षा बोटभर उंच निघाली. हे मला आधी कसं दिसलं नाही? कुणाला सांगू नकोस.

होडी अजून पुरी झालेली नाही. पण पेरणीला अवकाश आहे. तू धीर धर. हिंदुरावाला उत्तरच देऊ नकोस.

श्रीमंत

•

नवी टाकळवाडी
९ सप्टेंबर १९७९

चि. श्रीमंत, आशीर्वाद.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. मी तीन पत्रं टाकली. तुझ्याकडून एका ओळीचं उत्तर नाही. पोस्टमन मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

पाणी पुरं भरलं. रानाची कुळवणी झाली. माझी सोय मी केली आहे. तू तुझ्या गव्हाणीला खुशाल रंधा मारत बस.

अक्का

•

सोलापूर
१५ सप्टेंबर १९७९

ती. अक्का,

‘सोय केली’ म्हणजे काय ते न लिहिता मला समजलं. दिलंस ना रान हिंदुरावाला? कुळवणी काय तुझी तू पाण्यावरून चालत जाऊन केलीस? त्याच्याच बैलांनी केली असणार. मी इकडं हाताला फोड येईपर्यंत राबतोय, गावाचं हसणं झेलतोय, मायाक्काची बोलणी खातोय आणि तू माझ्या होडीची वाट न बघता पाटलाच्या वाट्याला राजी झालीस. मला गव्हाण म्हणणारा रुद्रप्पा परका आहे. तूही गव्हाण लिहावंस?

उत्तर लिहिलं नाही, कारण कामात होतो. डाव्या कडेचं काम निघालं. मग शिडाची काठी वरच्या टोकाला किंचित बाक घेते असं दिसलं. नवी काठी शोधतोय. अशी होडी मी कुणाच्या हाती देणार नाही.

पण आता जे झालं ते झालं. एका अर्थी बरंच झालं. तू तिथं पत्र्याखाली एकटी कशाला राहतेस? आमच्याकडं ये. मधली खोली रिकामीच आहे. त्या पाण्याकडं बघत जन्म काढायची तुला काही गरज नाही. खरं सांगतो, तू इथं आलीस तर मला बरं वाटेल.

श्रीमंत

•

सोलापूर
२४ सप्टेंबर १९७९

तीर्थस्वरूप वन्संना मायाक्काचा नमस्कार.

हे पत्र घेऊन येणारा ट्रक वैरागची ज्वारी उतरवून रिकामा निघालाय. ट्रकात तुमची होडी आहे. शीड, काठी, वल्ही, दोर सगळं तिच्यातच बांधलंय. शीड निळ्या पट्ट्याचंच आहे, पाण्यात घालून बघायला म्हणून यांनीच सुंदरम्माकडून परत मागून आणलेलं. दुसरं शीड सुंदरम्मा विणून देईल तेव्हा देईल. हे मी केलंय. यांना विचारलेलं नाही. हे आज होटगीला रामहरी भावजींकडं शिडाची सरळ काठी शोधायला गेलेत.

परवा माझ्या मावशीचा धुळा आला होता. तुमच्या रूटच्या एसटीवर कंडक्टर आहे तो. चहा पिता पिता सहज बोलून गेला, ‘अक्का मोठ्या धाडसाच्या हायती. काहिलीतनं पल्याड जात्यात.’ गूळ करायची काहील! वन्सं, ती गोल कढई पाण्यात भोवऱ्यागत फिरते. धुळा म्हणाला, तुमच्याबरोबर येणारी गोजरबाई तिच्यातून पाण्यात पडली आणि तुम्ही तिला लुगड्याला धरून काढलंत. ‘सोय केली’ ती ही होय? आणि आमचं माणूस समजतंय, तुम्ही रान पाटलाला दिलं.

आता जे हे तुम्हाला लिहीत नाहीत ते मी लिहिते. होडी ऑगस्टातच झालेली आहे. आधी यांनी फळ्या जाम बसवल्या, तुम्ही सांगितलेली फट ठेवली नाही. टेम्पोत घालून हिप्परग्याच्या तलावावर नेली. पाण्यात घातली तशी छान तरंगली. हे लहान पोरागत हसले. चार दिवस तिथंच ठेवली. चौथ्या दिवशी हे शीड लावून आत बसले. लाकूड फुगलं होतं आणि फुगायला जागाच नव्हती. मधली एक फळी खिळे उपटून धाडकन बाहेर आली. त्यात वाऱ्याचा झोत आला, होडी कलंडली आणि हे पाण्यात. पाणी छातीएवढंच होतं, पण यांना पोहता येत नाही. बाहेर आले तेव्हा दात वाजत होते. होडी तशीच टेम्पोत घालून घरी आणली. मग सगळ्या फळ्या सोडवून तुम्ही लिहिलं होतं तसं केलं. फट ठेवली, कापूस ठासला, वरून राळ लावली. तुमचं खरं निघालं हे कबूल करायला मात्र तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून रोज नवीन खोट निघते. कधी कड, कधी काठी, कधी रंग. मी बघते ना. खोट होडीत नाही. हे घाबरलेत. स्वतःसाठी नाही, तुमच्यासाठी.

पण तुम्ही काहिलीत बसताय हे ऐकल्यावर मला गप्प बसवेना. रुद्रप्पांनी चार माणसं आणून होडी ट्रकात चढवली. चढवून झाल्यावर म्हणतात कसे, ‘वैनी, गव्हाण हलकी हाय की!’ मी त्यांच्याकडं असं बघितलं की चहा न पिताच गेले.

हे आल्यावर घरात काय होईल ते मी बघून घेईन. तुम्ही पेरा.

तुमची
मायाक्का

•

सोलापूर
२५ सप्टेंबर १९७९

अक्का,

माझ्या घरात चोरी झाली आणि चोर माझ्याच चुलीपुढं बसून भाकरी थापतो आहे. काल होटगीहून आलो. खांद्यावर बाभळीची सरळ काठी. अंगणात भुशाचा ढीग आणि मधे मोकळी जागा. त्या जागेत कुरड्या!

मायाक्काला विचारलं तर तिनं तवा उतरवला नाही. म्हणाली, ‘जिची व्हती तिच्याकडं गेली.’

ऐक. होडी पाण्यात घालू नकोस. माझी शपथ आहे. डावी कड उंच आहे, त्यामुळं ती उजवीकडं कलते. काठीला बाक आहे, शीड पुरतं ताणलं जाणार नाही. मागच्या अंगाची तिसरी फळी दुसऱ्या झाडाची आहे, तिचा रंगसुद्धा वेगळा आहे, तिचा मला भरवसा नाही. सुकाणूची कडी हलते. आतल्या बाजूला रंगाचा दुसरा हात नाही. एका खिळ्याचं डोकं वर राहिलंय, त्याला लुगडं अडकेल. आणि कापूस ठासलेली एक जागा माझ्याकडून ढिली राहिलीय, नेमकी कोणती ते आता आठवत नाही, कारण मी ती उद्या बघणार होतो! उद्या! माझ्या आयुष्यातली कुठलीही वस्तू अशी अर्धवट माझ्या हातून बाहेर गेलेली नाही. गिरणीत कुणाची छाती झाली नसती.

काहिलीचं मला काल रात्री मायाक्कानं सांगितलं. मला का नाही लिहिलंस? मी कुणी नव्हे का?

होडी झाकून ठेव. मी येतो आणि पुरी करतो.

श्रीमंत

•

नवी टाकळवाडी
१० ऑक्टोबर १९७९

चि. श्रीमंत, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रानात होते. पेरणी करत होते. होडीतून गेले होते.

आता तू रागावलास म्हणून मी गप्प बसेन असं समजू नकोस. मी तुझ्यापेक्षा मोठी आहे आणि माझा राग तुझ्यापेक्षा जुना आहे. तू मला विचारतोस, काहिलीचं का लिहिलं नाहीस. अरे, तुझी सगळी पत्रं मी काढून पुढ्यात ठेवली. फळी आहे, काठी आहे, लाकूडवाला आहे, सुंदरम्मा आहे. त्यांत एका ठिकाणी तरी तू विचारलंस का, की अक्का, होडी येईपर्यंत तू पल्याड कशी जातेस? एका ठिकाणी दाखव. मी काय उडत जात होते? काहिलीत पाय पोटाशी घेऊन, लाकडी पाटानं पाणी मारत जात होते. गोजरबाईच्या नाकातोंडात पाणी गेलं तेव्हा ती माझ्या गळ्याला अशी मिठी मारून बसली की दोघी तळाला गेलो असतो. आणि त्याच दुपारी तू अंगणात बसून कुठली कड बोटभर उंच आहे ते मोजत होतास. तुझ्या होडीत खोट राहू नये म्हणून मी काहिलीत बसले, हे तुझ्या डोक्यात शिरतं का?

मायाक्कानं मला तलावाचं लिहिलं. तिला बोलू नकोस. तू घाबरलास हे मला कळलं असतं तर मी हसले असते आणि मग जवळ घेतलं असतं. पण तू मला खोटं लिहिलंस. भीती वाटते असं लिहायच्या ऐवजी फळी वाकडी आहे असं लिहिलंस. आणि वर मला मधली खोली देतोस! मी तीस वर्षं भीमेच्या काठाला नांदले. होडी नव्हती तेव्हा वाळल्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून नदी ओलांडलीय, भरल्या पाण्याची. मी पडले तर निघेन. तुला पोहता येत नाही, तुझी भीती तू माझ्या अंगावर घातलीस.

आता होडीचं सांगते. पाण्यात घातली तशी चहूबाजूंनी पाणी आत आलं. गोजरबाईनं कपाळावर हात मारला. मी म्हटलं, थांब. काठाशी आणली, आत दगड भरले आणि सरळ बुडवून टाकली. बसू दे म्हटलं तिला पाणी पीत. दगड काढून वर उचलली तेव्हा फटी मिटल्या होत्या. तुझी ती ढिली जागा मला सापडली, सुकाणूजवळ आहे. तिथून पाणी येतं. पल्याड जाईपर्यंत घोट्याएवढं होतं. डबा ठेवलाय, उपसते. उजवीकडं कलते, म्हणून बियाण्याचं पोतं डावीकडं ठेवते. वर आलेला खिळा दगडानं ठोकला. शिडाच्या निळ्या पट्ट्याचं म्हणशील तर लांबून आपली होडी ओळखू येते, त्यामुळं पेरणीला येणाऱ्या बायका काठावर वेळेवर येऊन थांबतात. पहिल्या दिवशी वारा नेईल तिकडं गेले आणि होडी तिथंच बांधून चालत आले. आता कळतंय थोडं थोडं.

काल ज्वारी पेरून संपली. पल्याडचा सिद्धनाथ आहे, त्याचे बैल कुळवणीला आणि पेरणीला मिळाले. हिंदुराव बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘वहिनी, होडी कलती हाय बरं का.’ मी म्हटलं, ‘कलती हाय, पर माजी हाय.’

तू होडी पुरी करायला येणार असशील तर येऊ नकोस. मला भेटायला येणार असशील तर ये.

अक्का

•

सोलापूर
२३ ऑक्टोबर १९७९

ती. अक्का,

तुझं पत्र आल्यापासून उत्तर लिहायला बसतो आणि उठतो.

मी पाण्यात पडलो तेव्हा मला माझं काही वाटलं नाही. मला तूच दिसलीस त्या जागी. मग रोज होडीकडं बघितलं की वाटायचं, हिच्यात काहीतरी चुकलेलं आहे, ते मला सापडत नाही, आणि ते सापडेपर्यंत ही द्यायची नाही. लाकडाचं चुकलं तर मला दुरुस्त करता येतं, अक्का. वाऱ्याचं काय करणार?

काहिलीचं मी विचारलं नाही. हे मला राहून राहून टोचतंय. तीस वर्षं मी एवढ्यातेवढ्यावरून माणसांना बोललो आणि एवढं मोठं माझ्या नजरेतून सुटलं. तुझ्यावरचा राग गेला. मायाक्कावरचा अजून आहे, पण तो ती कुरड्या तळते तेव्हा कमी होतो.

दिवाळीला जमलं नाही, पाय सुजलाय. ज्वारी कमरेला आली की येतो. हत्यारं आणणार नाही.

श्रीमंत

•

नवी टाकळवाडी
२० डिसेंबर १९७९

सौ. मायाक्कास अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा सुखरूप पोचला आणि उद्याच्या गाडीनं परत निघतोय. तो घरी येऊन काय सांगेल याचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र आधी टाकतेय.

आला तो सोमवारी. हत्यारं आणली नव्हती हे खरं, पण खिशात कानस होती, ती मी काढून घेतली. काठावर गेला आणि होडीकडं बघत उभा राहिला. त्याचे डोळे डाव्या कडेवरून फिरत होते, मग त्या वेगळ्या रंगाच्या फळीवर गेले. ओठ हलत होते. मी तयारच होते, एक शब्द बोलला असता तर त्याला काहिलीत बसवून आणलं असतं. बोलला नाही. होडीत मात्र बसायला तयार होईना. म्हणाला, ‘तू जा. मी हितनंच बघतो.’ दोन दिवस असंच.

काल तलाठी आले पीकपाहणीला. हिंदुराव त्यांना सकाळपासून निरोपावर निरोप धाडत होता, ‘वळसा घालून माझ्याकडनं या, जीप पाठवतो, जेवण हितंच.’ ते पाटलाच्या जीपमधून पाटलाबरोबर माझ्या रानात उतरले असते तर बुकात काय लिहिलं गेलं असतं देव जाणे. मी त्यांना रस्त्यातच गाठलं. म्हटलं, ‘भाऊसाहेब, मालकिणीचं रान मालकिणीच्या होडीतनं बघा.’ ते होडीकडं बघायला लागले, मग पाण्याकडं, मग माझ्याकडं. दुसऱ्या कुणी पुरुषमाणूस सोबत असल्याशिवाय बसणार नाही, म्हणाले. गडी माणसं सगळी ऊसतोडीला गेलेली. मी वळून श्रीमंतकडं बघितलं.

मायाक्का, त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण बसला. धोतर खोचलं आणि बसला, आणि फळी अशी मुठीत आवळून धरली की बोटं पांढरी पडली.

मधोमध गेलो तेव्हा भाऊसाहेबांच्या बुटात पाणी गेलं. त्यांनी दप्तर डोक्यावर घेतलं आणि ओरडले, ‘अहो, पाणी येतंय! होडी फुटकी आहे ही! कुणी केली असली होडी?’

मी म्हटलं, झालं. आता हा सगळ्या खोटी पहिल्यापासून सांगायला लागणार आणि भाऊसाहेब मागं फिरा म्हणणार.

तर तुझा नवरा ताडकन म्हणाला, ‘मी केली. फुटकी न्हाय. लाकडाची हाय, पाणी येणारच! तांब्या हाय काय ती? सुकाणूपाशी एक जागा ढिली हाय, तितनं येतंय. उपसायचं आणि जायाचं. हा घ्या डबा.’

आणि डबा त्यांच्या हातात दिला. सरकारी माणसाच्या! मला पदर तोंडात घालावा लागला. भाऊसाहेब एका हातानं दप्तर धरून दुसऱ्या हातानं पाणी उपसत होते आणि श्रीमंत त्यांना वरून सांगत होता, ‘असं न्हाय, तळाला लावून काढा.’ भीती कुठं गेली होती कुणास ठाऊक. वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, तर हाच त्यांच्यावर ओरडला, ‘डावीकडं सरका, ती कलतीच!’

पल्याड हिंदुरावाची जीप उभी होती आणि हिंदुराव जीपला टेकून. आम्ही तिघं चिखलातून वर चढलो. ज्वारी छातीला लागतेय माझ्या. भाऊसाहेब बांधावर बसले, बुटातलं पाणी ओतलं, बुक उघडलं आणि हिंदुरावाकडं बघत विचारलं, ‘कसतं कोण हे रान?’

हिंदुराव तोंड उघडणार, तोवर श्रीमंत म्हणाला, ‘भाऊसाहेब, आत्ता कशातनं आलाव ते इसरलाव का?’

भाऊसाहेबांनी ओल्या पायांकडं बघितलं आणि हसले. मग लिहिलं. मी जवळ जाऊन वाचलं, चौथी पास आहे मी. रकान्यात पीक ज्वारी लिहिलं, आणि कसणाराच्या रकान्यात, जिथं हिंदुराव पाटील लिहिलं जाईल अशी मला दोन वर्षं भीती वाटत होती, तिथं एकच शब्द लिहिला: खुद्द.

तुझी
अक्का